सामायिक समावेश-फाइल (आरपीजी)

सामायिक समावेश-फाइल म्हणजे अनेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या घोषणा एकाच ठिकाणी लिहून ठेवलेली आणि कंपाइल करताना प्रत्येक प्रोग्रॅमच्या मजकुरात जोडली जाणारी फाइल होय. आयबीएम कंपनीच्या आरपीजी या संगणकीय भाषेत अशी फाइल '/कॉपी' किंवा '/इन्क्लूड' या निर्देशाने जोडतात. व्यवहारात तिला 'कॉपी मेंबर' किंवा 'कॉपीबुक' असेही म्हणतात. स्थिरांक, डेटा-रचना आणि प्रोसीजरचे प्रोटोटाइप यांची व्याख्या एकदाच व्हावी व ती सर्वांनी वापरावी, हा तिचा हेतू असतो. एकच घोषणा एका प्रोग्रॅममध्ये दोनदा येणे आणि एकाच गोष्टीच्या दोन वेगळ्या घोषणा दोन प्रोग्रॅममध्ये असणे, हे दोन दोष या विषयाच्या केंद्रस्थानी आहेत. पहिला दोष कंपायलर लगेच दाखवून देतो. दुसरा बहुधा दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक ठरतो.

(या लेखातील निर्देश व कळीचे शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये ते रोमन लिपीत लिहावे लागतात.)

## पार्श्वभूमी

आरपीजी ही भाषा १९५९ मध्ये अस्तित्वात आली. 'रिपोर्ट प्रोग्रॅम जनरेटर' हे तिचे मूळ नाव असून पंचकार्डांवरील नोंदींवरून अहवाल छापणे हे तिचे आरंभीचे काम होते. आयबीएम १४०१ या यंत्रापासून सुरू झालेली ही भाषा पुढे सिस्टम/३, सिस्टम/३८ आणि १९८८ मध्ये बाजारात आलेल्या एएस/४०० या संगणकांवर वाढली. १९९४ मध्ये आरपीजीची चौथी आवृत्ती आली. आज ही भाषा 'आयबीएम आय' या कार्यप्रणालीवर वापरली जाते. बँका, विमा, गोदामे आणि कारखाने यांच्या हिशेबाच्या कामांत तिचा वापर विशेष आहे.

आरंभीचे प्रोग्रॅम सलग व स्वयंपूर्ण असत. चौथ्या आवृत्तीच्या काळात प्रोसीजर, मॉड्यूल आणि सर्व्हिस प्रोग्रॅम या कल्पना रूढ झाल्या. एका प्रोग्रॅमचे काम अनेक तुकड्यांत विभागले जाऊ लागले. त्यामुळे एका तुकड्याने दुसऱ्याला कोणती माहिती, कोणत्या क्रमाने आणि किती लांबीची द्यायची, याचा करार कोठेतरी लिहून ठेवणे आवश्यक झाले. सामायिक समावेश-फाइल हे त्या कराराचे लेखी रूप आहे.

## कार्यपद्धती

'/कॉपी' हा निर्देश आढळताच कंपायलर नाव दिलेली फाइल उघडतो आणि तिच्यातील ओळी जणू त्याच जागी लिहिलेल्या आहेत असे समजून वाचतो. हे काम कंपाइल करतानाच पूर्ण होते. तयार झालेल्या प्रोग्रॅमचा मूळ फाइलीशी पुढे संबंध उरत नाही. 'शो-कॉपी' हा पर्याय चालू असल्यास कंपायलरच्या छापील यादीत जोडलेल्या ओळी दिसतात व त्या अधिक चिन्हाने ओळखता येतात.

समावेश-फाइल दोन ठिकाणी ठेवता येते. जुन्या पद्धतीत ती स्रोत-फाइलीतील एक 'मेंबर' असते आणि तिचे नाव जास्तीत जास्त १० अक्षरांचे असू शकते. नव्या पद्धतीत ती फोल्डरांच्या रचनेतील साधी मजकूर-फाइल असते व तिचा मार्ग अवतरणचिन्हांत देतात.

'/कॉपी' आणि '/इन्क्लूड' यांत आरपीजी कंपायलरच्या दृष्टीने भेद नाही. ज्या प्रोग्रॅममध्ये एसक्यूएलची वाक्ये असतात, तेथे मात्र फरक पडतो. अशा प्रोग्रॅमवर आधी एसक्यूएलचा पूर्वसंकलक काम करतो. त्याच्या मूळ मांडणीत तो '/कॉपी' उघडून पाहतो, '/इन्क्लूड' उघडत नाही. त्यामुळे एसक्यूएल वाक्यांत लागणाऱ्या चलांची घोषणा '/इन्क्लूड'मध्ये असल्यास ती त्याला सापडत नाही. उलट एका '/कॉपी'च्या आत दुसरी '/कॉपी' असणे त्याला मूळ मांडणीत चालत नाही. म्हणून केवळ प्रोटोटाइप असलेल्या फाइली '/इन्क्लूड'ने आणि एसक्यूएलला लागणाऱ्या रचना '/कॉपी'ने जोडण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. पूर्वसंकलकाची ही वागणूक कंपाइलच्या आज्ञेतील पर्यायाने बदलताही येते.

## गरज : एक उदाहरण

सामायिक फाइल नसल्यास काय घडू शकते, हे महाराष्ट्रातील जिल्ह्यांच्या यादीवरून समजते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी वसमत तालुका परभणीत मोडत असे. आज तो हिंगोली जिल्ह्याच्या पाच तालुक्यांपैकी एक आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे अन्य चार होत. वाहन नोंदणीत परभणीचा संकेतांक एमएच-२२, तर हिंगोलीचा एमएच-३८ आहे.

एखाद्या कल्पित कार्यालयात जिल्हा व तालुका यांची सांगड पाच प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे लिहिलेली आहे असे मानले, तर जिल्हा-विभाजनानंतर पाचही ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल. चार ठिकाणी दुरुस्ती झाली आणि पाचवे राहून गेले, तरी पाचही प्रोग्रॅम विनातक्रार चालतील. फक्त पाचवा प्रोग्रॅम वसमतचा आकडा परभणीच्या बेरजेत धरेल. कोणताही त्रुटीसंदेश येणार नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने येथे काहीच चुकलेले नाही.

२०२३ मध्ये झालेल्या नामांतरात या दोषाचा दुसरा प्रकार दिसतो. हिंगोली जिल्हा ज्या महसूल विभागात येतो त्याचे नाव औरंगाबाद ऐवजी छत्रपती संभाजीनगर झाले. रोमन लिपीत जुने नाव १० अक्षरांचे आहे, तर नवे नाव मधल्या जागेसह २५ अक्षरांचे. विभागाचे नाव शोधून देणाऱ्या प्रोसीजरमध्ये लांबी २५ केली, पण तिला बोलावणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने आपल्या खासगी प्रोटोटाइपमध्ये ती १० च ठेवली, तर स्थिती गंभीर होते. आरपीजीमध्ये पॅरामीटर सामान्यतः पत्त्याने दिला जातो. म्हणजे प्रोसीजरला मूल्य मिळत नाही, ते मूल्य ठेवलेली जागा मिळते. प्रोसीजर त्या जागेपासून २५ बाइट लिहिते. त्यांपैकी १० बाइट योग्य चलात जातात आणि उरलेले १५ शेजारच्या चलांवर पडतात. बिघाड तेथे न दिसता पुढे भलत्याच ठिकाणी, उदाहरणार्थ रकमेच्या बेरजेत, प्रकट होतो आणि त्याचे मूळ शोधणे अवघड जाते.

दोन्ही ठिकाणी प्रोटोटाइप एकाच सामायिक फाइलीतून आला असता, तर प्रोग्रॅम नव्याने कंपाइल करतानाच १० अक्षरांचा चल अपुरा असल्याचे कंपायलरने सांगितले असते.

## दुहेरी घोषणा आणि पहारा

घोषणा सामायिक फाइलींत ठेवल्यावर उलट प्रकारची अडचण येते. ग्राहकांच्या फाइलीला जिल्ह्यांची फाइल लागते, बिलांच्या फाइलीलाही तीच लागते आणि प्रोग्रॅमला ग्राहक व बिले दोन्ही लागतात. अशा वेळी जिल्ह्यांची फाइल एका प्रोग्रॅममध्ये दोनदा वाचली जाते. एकाच व्याप्तीत एक नाव दोनदा घोषित करणे आरपीजीत निषिद्ध असल्याने कंपाइल अयशस्वी होते.

यावरचा रूढ उपाय म्हणजे फाइलीच्या आरंभी बसवलेला पहारा. त्यासाठी सशर्त कंपाइलचे निर्देश वापरतात :

    /इफ डिफाइन्ड(जिल्हा_फाइल)
      /ईओएफ
    /एन्डइफ
    /डिफाइन जिल्हा_फाइल

    डीसीएल-एस विभाग_नाव_टी कॅर(२५) टेम्प्लेट;

फाइल प्रथम वाचली जाते तेव्हा 'जिल्हा_फाइल' ही खूण अस्तित्वात नसते. म्हणून कंपायलर पुढे जातो, खूण निर्माण करतो आणि घोषणा वाचतो. दुसऱ्या वेळी खूण आढळते आणि '/ईओएफ' या निर्देशामुळे फाइल तेथेच संपली असे मानले जाते. '/ईओएफ'चा परिणाम ज्या फाइलीत तो लिहिला आहे तेवढ्यापुरताच असतो; तिला जोडणारा प्रोग्रॅम पुढे नेहमीप्रमाणे वाचला जातो. संपूर्ण मजकूर '/इफ नॉट डिफाइन्ड' आणि '/एन्डइफ' यांच्यामध्ये ठेवूनही हेच साधता येते.

पहारा वापरताना पुढील बाबी लक्षात घ्याव्या लागतात.

* खुणेचे नाव एकमेव असावे. जुन्या फाइलीची नक्कल करून नवी फाइल तयार केली आणि खुणेचे नाव बदलायचे राहिले, तर दोहोंपैकी नंतर येणारी फाइल कोणतीही सूचना न देता गाळली जाते. खुणेसाठी फाइलीचेच नाव वापरल्यास हा धोका कमी होतो.
* पहारा फाइलीच्या आत असावा. जोडणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये तो लिहिल्यास पहाऱ्याचीच पुनरावृत्ती होते.
* खूण संपूर्ण कंपाइलपुरती टिकते. एखादी फाइल एका प्रोसीजरच्या आत जोडली, तर तिच्यातील घोषणा त्या प्रोसीजरपुरत्या मर्यादित राहतात, पण खूण मात्र कायम राहते. त्यानंतर दुसऱ्या प्रोसीजरने तीच फाइल जोडल्यास तिला रिकामी फाइल मिळते. म्हणून पहारा असलेल्या फाइली प्रोग्रॅमच्या आरंभीच्या, सर्वांना दिसणाऱ्या घोषणांत जोडणे हितावह असते.

पहाऱ्यामुळे एक फाइल दोनदा वाचली जाणे टळते. दोन वेगळ्या फाइलींनी एकच नाव वापरले असल्यास मात्र त्याचा उपयोग होत नाही. डेटा-रचनांच्या बाबतीत त्यासाठी 'क्वालिफाइड' हा शब्द वापरतात. तो लिहिल्यास रचनेतील घटकाचा उल्लेख रचनेच्या नावासह करावा लागतो. त्यामुळे 'ग्राहक.नाव' आणि 'जिल्हा.नाव' एकमेकांच्या आड येत नाहीत.

## फाइलींची मांडणी

समावेश-फाइली कशा विभागाव्यात याचा सक्तीचा नियम नाही. तरी अनुभवातून काही संकेत रूढ झाले आहेत.

एका सर्व्हिस प्रोग्रॅमला एक फाइल. सर्व्हिस प्रोग्रॅममधील बाहेर वापरल्या जाणाऱ्या सर्व प्रोसीजरचे प्रोटोटाइप, त्यांना लागणारे स्थिरांक व रचना एका फाइलीत ठेवतात. संपूर्ण संस्थेच्या घोषणा एकाच महाकाय फाइलीत ठेवल्यास आरंभी सोय वाटते. पुढे मात्र कोणता प्रोग्रॅम कशावर अवलंबून आहे हे कळेनासे होते आणि छोट्याशा बदलानंतर काय पुन्हा कंपाइल करायचे याचा निर्णय करता येत नाही.

प्रत्येक फाइल स्वतःपुरती पूर्ण. एखाद्या फाइलीला दुसरीतील व्याख्या लागत असल्यास तिने ती स्वतःच जोडावी. जोडण्याचा क्रम लक्षात ठेवण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकू नये. पहारा असल्याने अशा अंतर्गत जोडण्या निर्धोक ठरतात.

फक्त नमुने, जागा नव्हे. सामायिक फाइलीत रचना साधेपणाने घोषित केली, तर ती जोडणाऱ्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये तिच्यासाठी स्मृतीत जागा राखली जाते. 'टेम्प्लेट' हा शब्द जोडल्यास ती केवळ नमुना ठरते. प्रोग्रॅमने मग 'लाइक' किंवा 'लाइक-डीएस' वापरून त्या नमुन्यावर आपले चल घडवावेत. वरील उदाहरणात विभागाच्या नावाची लांबी 'विभाग_नाव_टी' या नमुन्यात एकदाच लिहिली असती, तर १० चे २५ करण्याचे काम एका ओळीत झाले असते.

घोषणा फाइलीत, कृती सर्व्हिस प्रोग्रॅममध्ये. काही जुन्या प्रणालींत गणनेच्या ओळीही '/कॉपी'ने जोडलेल्या आढळतात. आरपीजीत प्रथम नियंत्रण-पर्याय, मग घोषणा, मग गणना आणि शेवटी प्रोसीजर असा क्रम पाळावा लागत असल्याने अशा फाइली योग्य जागीच जोडाव्या लागतात. शिवाय एकच कृती अनेक प्रोग्रॅममध्ये छापली जाते. तीच कृती सर्व्हिस प्रोग्रॅममध्ये ठेवल्यास ती एकाच जागी राहते आणि तिच्या आतील दुरुस्ती वापरणारे प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल न करता सर्वांना मिळते.

## प्रोटोटाइप आणि इंटरफेस

पुनरावृत्ती टाळण्याच्या या शिस्तीला एक महत्त्वाचा अपवाद आहे. प्रोसीजर जेथे लिहिली जाते तेथे तिचे पॅरामीटर 'प्रोसीजर इंटरफेस' या भागात सांगितलेले असतात. प्रोटोटाइपमध्ये तीच माहिती पुन्हा येते. पूर्वी दोन्ही लिहिणे सक्तीचे होते. आयबीएम आयच्या ७.१ या आवृत्तीपासून, प्रोसीजर लिहिलेल्या मॉड्यूलमध्ये प्रोटोटाइप नसला तरी कंपायलर चालवून घेतो.

केवळ त्याच मॉड्यूलमध्ये वापरल्या जाणाऱ्या प्रोसीजरसाठी ही सवलत उपयुक्त आहे. बाहेरून बोलावल्या जाणाऱ्या प्रोसीजरच्या बाबतीत मात्र ती घेणे धोक्याचे असते. सामायिक फाइल प्रोसीजरच्या स्वतःच्या मॉड्यूलमध्ये जोडली, तर कंपायलर प्रोटोटाइप आणि इंटरफेस ताडून पाहतो व तफावत असल्यास थांबतो. ती तेथे जोडली नाही, तर बाकीच्या सर्वांना एक करार दिसतो आणि प्रोसीजर दुसऱ्याच कराराने वागते. निर्यात होणाऱ्या प्रोसीजरसाठी प्रोटोटाइप सक्तीचा करण्याचा पर्याय पुढे भाषेत समाविष्ट झाला, तो याच कारणाने.

सर्व्हिस प्रोग्रॅमला 'सिग्नेचर' नावाची ओळखखूण असते. तिच्यामुळे अशी विसंगती पकडली जाईल असा समज असतो, पण तो चुकीचा आहे. सिग्नेचर निर्यात होणाऱ्या नावांवरून व त्यांच्या क्रमावरून ठरते. पॅरामीटरची संख्या अथवा लांबी तिच्यात विचारात घेतली जात नाही.

## बाह्य वर्णनाचा पर्याय

आयबीएमच्या या संगणकांत डेटाबेसच्या फाइलीचे वर्णन त्या फाइलीतच साठवलेले असते. आरपीजी प्रोग्रॅम कंपाइल होताना क्षेत्रांची नावे, प्रकार व लांबी तेथून थेट घेता येते. यास बाह्य वर्णन म्हणतात. डेटाबेसमध्ये अस्तित्वात असलेल्या नोंदीची रचना समावेश-फाइलीत हाताने पुन्हा लिहिणे म्हणजे दुसरी, कालांतराने शिळी होणारी घोषणा निर्माण करणे होय. अशा ठिकाणी 'एक्स्ट-नेम' हा शब्द वापरून मूळ वर्णनावरूनच डेटा-रचना घडवतात.

फाइल उघडताना एक जास्तीचे संरक्षणही मिळते. प्रोग्रॅम कंपाइल झाला तेव्हाचे नोंदीचे स्वरूप आणि आजचे स्वरूप यांच्या ओळखखुणा जुळल्या नाहीत, तर प्रणाली फाइल उघडण्यास नकार देते. या तपासणीस 'लेव्हल चेक' म्हणतात. समावेश-फाइलीला असे धावत्या वेळचे संरक्षण नसते.

## इतर भाषांत

कोबोल भाषेतही मजकूर जोडणारे 'कॉपी' हे विधान आहे. सी भाषेत 'हॅश-इन्क्लूड' या निर्देशाने हेडर फाइल जोडतात आणि दुहेरी वाचन टाळण्यासाठी आरपीजीप्रमाणेच खुणेचा पहारा वापरतात. जावामधील 'इम्पोर्ट' मजकुराची नक्कल करीत नाही, त्यामुळे तेथे पहाऱ्याची गरज पडत नाही. सी-प्लस-प्लसमध्येही २०२० च्या प्रमाणकापासून मजकूर न जोडणारी मॉड्यूल-पद्धत उपलब्ध झाली आहे.

सामायिक घोषणांचे महत्त्व हिशेबाच्या कामांपुरते नाही. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा नियोजित आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. पुण्याची आयुका ही तिच्यातील सहभागी संस्थांपैकी एक आहे. लायगोच्या संशोधकगटाच्या विश्लेषणात 'लालसूट' हा प्रामुख्याने सी भाषेतील प्रोग्रॅमसंच वापरला जातो. प्रकाशाचा वेग (सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर), गुरुत्व स्थिरांक, सूर्याचे वस्तुमान इत्यादी मूल्ये त्यात एका हेडर फाइलीत एकत्र ठेवलेली असून अन्य भाग ती तेथून घेतात. दूरदूरच्या वेधशाळांच्या नोंदी एकमेकींशी ताडून निष्कर्ष काढायचा असल्याने सर्व गणितांत एकच मूल्य असणे आवश्यक असते. दोन प्रोग्रॅममध्ये सूर्याचे वस्तुमान किंचित वेगळे धरले गेले, तर त्रुटीसंदेश न येता उत्तरांत तफावत पडेल.

## मर्यादा

समावेश-फाइल बदलली म्हणून आधी तयार झालेले प्रोग्रॅम आपोआप बदलत नाहीत. तिच्यावर अवलंबून असलेले सर्व प्रोग्रॅम शोधून पुन्हा कंपाइल करावे लागतात. हा शोध हाताने घेतल्यास काही सुटण्याची शक्यता असते, म्हणून अवलंबित्वाची नोंद ठेवणारी बांधणी-साधने वापरली जातात.

दुसरी मर्यादा अर्थाची आहे. घोषणेत चलाचा प्रकार व लांबी सांगता येते, पण आकडा कोणत्या एककात आहे हे कंपायलरला कळत नाही. 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे नासाचे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ नष्ट झाले. एका प्रोग्रॅमने आवेगाची मूल्ये पाउंड-सेकंदात दिली होती, तर ती घेणारा प्रोग्रॅम न्यूटन-सेकंद गृहीत धरत होता. आकड्यांचे स्वरूप जुळत होते, अर्थ जुळत नव्हता. अशी चूक समावेश-फाइल रोखू शकत नाही. तथापि घोषणा एकाच जागी असल्यास एकक, मर्यादा व अपवाद सांगणारी टीपही तिच्याशेजारी एकदाच लिहिता येते आणि क्षेत्राच्या नावातच एककाचा उल्लेख करता येतो. वजनाच्या क्षेत्रास नुसते 'वजन' न म्हणता 'वजन_क्विंटल' किंवा 'वजन_किलो' असे नाव दिल्यास ते वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये एकक वाचणाऱ्याच्या नजरेसमोर राहते.